कापडात जीव होता

"काढ तो फ्रॉक."

काकू एवढंच म्हणाल्या. तिसऱ्या मजल्यावरचं दार. दाराबाहेर मी आणि आई. आई उकिडवी बसलेली, पुढ्यात स्टीलच्या भांड्यांची टोपली. मी जिन्याच्या कठड्याला टेकून उभी. नऊ वर्षांची. अंगात निळा फ्रॉक, गळ्याला पांढरी लेस.

तो फ्रॉक आदल्या फेरीत याच दारातून आला होता, जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात. माझी आई बोहारीण. पुण्यात दारोदार फिरून जुने कपडे घ्यायचे, त्यावर भांडं द्यायचं. कपडे घरी नेऊन धुवायचे, उसवलेलं शिवायचं, इस्त्री मारायची आणि रविवारी जुन्या बाजारात पथारी टाकून विकायचे. आईच्या आईनेही हेच केलं. गाठोड्यात तो फ्रॉक निघाला तेव्हा आई म्हणाली होती, "रविवारपर्यंत घाल. मग विकायचाय." चार दिवस मी तो अंगातून काढला नव्हता. शाळेला सुट्टी म्हणून आईबरोबर फिरायला निघाले ती तोच फ्रॉक घालून. आणि आलो त्याच दारात. नऊ वर्षांच्या पोरीला एवढी अक्कल नसते. आईला असायला हवी होती, पण तिचं सगळं लक्ष टोपलीतल्या मोठ्या पातेल्यात होतं. ते डोक्यावरून उतरायला हवं होतं.

काकू म्हणाल्या, फ्रॉक चुकून गेला. कामवालीने गाठोड्यात टाकला.

आई म्हणाली, "बाई, उद्या धुऊन, इस्त्री करून आणून देते. पोरगी घरी कशी येईल?"

"उद्या नको. आत्ताच काढू दे."

त्यांच्यामागे त्यांची मुलगी उभी होती, माझ्याहून डोकं-दीड डोकं उंच. समोरच्या ब्लॉकचं दार उघडलं. तिथून दोघीजणी बघायला लागल्या. आईने माझ्या पाठीवरची बटणं सोडली. तिचे हात थरथरले नाहीत. मला काकूंपेक्षा त्याचाच जास्त राग आला. तिने गाठोड्यातून कुणा पुरुषाचा शर्ट काढला आणि माझ्या अंगात घातला. तो माझ्या गुडघ्यांखाली आला. काकूंनी फ्रॉक दोन बोटांत धरला, नाकापासून लांब, आणि दार लावलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही परत त्या दारात गेलो. जावंच लागतं, बांधलेली गिऱ्हाइकं सोडून चालत नाही. दाराशी नवं पायपुसणं होतं. निळं. एका कडेला लेस तशीच.

त्यांना तो फ्रॉक नको होता. त्यांच्या मुलीला तो बसतही नव्हता. तो फक्त माझ्या अंगावर नको होता. हे मला तेव्हाच कळलं, पण त्याला काय म्हणतात ते माहीत नव्हतं. तो शब्द मला खूप वर्षांनी जर्मनीत सापडला. एका फॉर्मवर छापलेला.

मी शिकले. कशी शिकले ते सांगत बसत नाही, त्यात टाळ्या घेण्यासारखं पुष्कळ आहे आणि मला टाळ्यांचा वीट आलाय. टेक्स्टाइल इंजिनिअरिंग केलं. मग जर्मनीत आखनला मास्टर्स. तिथे शेवटच्या वर्षी लेबन्सलाउफ, म्हणजे नोकरीसाठीचा बायोडेटा, लिहायला शिकवायला एक बाई यायच्या. त्या म्हणाल्या, जुन्या वळणाच्या कंपन्यांना आईवडिलांचा व्यवसाय लिहिलेला आवडतो. वडील नाहीत. आईच्या नावापुढची जागा मी बराच वेळ कोरी ठेवली. मग लिहिलं, 'टेक्स्टीलहेंडलरिन'. कापडाची व्यापारी.

यात खोटं काय आहे? कापडच घ्यायची, कापडच विकायची. मी स्वतःला असं समजावलं आणि कागद पाठवून दिला.

नोकरी लागली नेकारसुल्मपासून बसने वीस मिनिटांवर. स्वस्त कपडे विकणाऱ्या कंपनीचं गोदाम, आणि गोदामाच्या वर आमचं क्वालिटीचं ऑफिस. कंपनीचा हिशोब साधा. दर दोन आठवड्यांनी दुकानात नवी फॅशन. म्हणजे दर दोन आठवड्यांनी आधीची फॅशन जुनी.

मुलाखत घेतली मीनलताईने. पुण्याची. नवरा मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, ती आमच्या विभागाची प्रमुख. माझा बायोडेटा वाचून तिचा चेहरा उजळला. "अरे वा, आईचा टेक्स्टाइलचा बिझनेस? मग घरचंच काम की गं." मी हसले. त्या हसण्याने मी आत अडकले आणि बाहेरून कडी लागली.

ती वाईट नव्हती. हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं सोपं होऊन जाईल. मी आले त्या जानेवारीत तिने मला आपला जुना कोट दिला. "दोनच वर्षं वापरलाय, टाकवत नाही." मी तो हातात घेतला आणि काही कळायच्या आत माझा अंगठा काखेच्या शिवणीवर गेला. सवय. कोट चांगला होता. तीन हिवाळे घातला. गणपतीला तिच्या घरी जेवले, तिच्या मुलांना मराठी गोष्टी सांगितल्या. मुलं ऐकायची मराठीत आणि प्रश्न विचारायची जर्मनमध्ये. येईल त्याला ती सांगायची, "हिला मीच आणली." मी मान डोलवायची.

माझी राहण्याची परवानगी, आउफेन्टहाल्ट, त्या नोकरीला बांधलेली होती. पासपोर्टवरच्या कागदात कंपनीचं नाव छापलेलं. नोकरी गेली की परवानगी गेली. दर वर्षी परदेशी लोकांच्या सरकारी ऑफिसात कंपनीचं पत्र न्यावं लागायचं, आणि ते पत्र मीनलताई लिहायची. दर वर्षी लिहून झाल्यावर म्हणायची, "आल्झो, चला, अजून एक वर्ष सुटलीस." मी म्हणायची, थँक्यू ताई.

दुसऱ्या वर्षी ती मला ऑडिटला, म्हणजे माल शिवणाऱ्या कारखान्याच्या तपासणीला, भारतात घेऊन गेली. दक्षिणेतलं कारखान्यांचं एक गाव. आमच्या लहान मुलींच्या फ्रॉकचा माल तिथे शिवून व्हायचा. जांभळा रंग, छातीवर स्मॉकिंग, म्हणजे चुण्यांवरचं भरतकाम, आणि एक खिसा. गावात शिरताना शाळा सुटलेली होती. पोरांचे शर्ट सगळे फिकट जांभळे. मला वाटलं युनिफॉर्मच तसा. ड्रायव्हर म्हणाला, नाही, युनिफॉर्म पांढरा आहे. धुतला की असा होतो, विहिरीचं पाणीच तसं आहे. डाय हाऊस, म्हणजे कापड रंगवायचा कारखाना, गावाच्या वरच्या अंगाला होतं. मीनलताईने गाडीची काच वर केली.

कारखान्यात एक मुलगी स्मॉकिंग करत होती. सोळा-सतराची असेल. नाव सेल्वी. नखातून सुई गेलेली, त्यावर त्याच जांभळ्या कापडाची चिंधी गुंडाळलेली. मोडक्या हिंदीत तिने मला विचारलं, "वहाँ कौन पहनता है?"

मी म्हटलं, "छोटी लड़कियाँ. बर्थडे पर."

तिला ते आवडलं. हातातल्या फ्रॉकचा खिसा तिने उगाच एकदा सपाट केला. संडासाला कुलूप होतं आणि किल्ली सुपरवायझरच्या खिशात. माझ्या यादीत रकाना होता, 'संडास आहे का'. आहे. मी बरोबरची खूण केली. किल्ली कुणाकडे, असा रकाना नव्हता. विहिरीचाही नव्हता.

ते फ्रॉक जर्मनीत आले आणि पडून राहिले. त्या सीझनला लोकांना जांभळा नको होता. तीन पॅलेट भरून माल दुकानांतून गोदामात परत आला.

परत आलेल्या मालाचं काय करायचं ते ठरलेलं होतं. स्वस्तात विकायचा नाही. वाटायचा नाही. कापायचा. गळ्यापासून खालच्या कडेपर्यंत पाठीत एक घाव, आणि ढिगात. मग ढीग जाळायला जायचा. गोदामात ते काम करणाऱ्या बायकांमध्ये लुडमिला सगळ्यांत जुनी, कझाकस्तानातून आलेली, साठीला टेकलेली. सीझन संपताना वरून आम्हालाही खाली पाठवायचे, हातात कटर देऊन. शेवटी एका फॉर्मवर क्वालिटीवाल्याची सही. फॉर्मवर छापलेलं, 'उनब्राउखबार गेमाख्ट'. वापरण्याजोगे राहिले नाही, असे केले.

पहिल्यांदा तो फॉर्म हातात आला तेव्हा मी विचारलं होतं, का. मीनलताई म्हणाली, "अगं, प्रश्न कापडाचा नसतोच. कुणाच्या अंगावर दिसतं, त्याचा असतो."

मला निळं पायपुसणं दिसलं. शब्द सापडला तो असा. आणि सापडूनही मी सही केली. दोन वर्षं केली. कापलंही. माझा हात चांगला चालतो कापडावर.

त्या ऑक्टोबरमध्ये जांभळे फ्रॉक कापायला घेतले. पहिलं पॅलेट फोडलं, फ्रॉक जमिनीवर ओतले, आणि मी बसले. खुर्ची होती, टेबल होतं. मी जमिनीवर बसले, उकिडवी. एक फ्रॉक उचलला, ट्यूबलाइटसमोर धरला, कुठे विरलंय का ते बघितलं. दोन अंगठ्यांनी शिवण ताणली. काख बघितली. बटणं मोजली. बाह्या आत दुमडून घट्ट गुंडाळी केली आणि उजव्या बाजूला ठेवली. दुसरा उचलला. आई गाठोडं असंच बघते. बघून झालं की एकच वाक्य बोलते, "जीव आहे अजून कापडात." मग ते उजवीकडे जातं. किती फ्रॉक गुंडाळले मला कळलं नाही. कटर मांडीखाली पडला होता.

"अगं बाई," वरून हसण्याचा आवाज आला. मीनलताई. "तू तर अगदी बोहारणीसारखी बसलीस."

तिने ते सगळ्यांना जर्मनमध्ये समजावलं. आमच्याकडे अशा बायका असतात, जुने कपडे घेतात, भांडी देतात, आणि बघा, अगदी अश्शाच बसतात. मला म्हणाली, "कर ना परत, तसं अंगठ्याने." मी उठले. हसले. कापड कापायला लागले.

गोष्ट तिथे संपायला हवी होती. संपली नाही, कारण मीनलताईला ती फार आवडली.

मराठी मंडळाची दिवाळी होती. भाड्याचा हॉल, फराळ, गाणी. कारखान्यातले इंजिनिअर, त्यांच्या बायका, मुलं, कुणाकुणाकडे भारतातून आलेले सासू-सासरे. मी पणत्या लावत होते. मीनलताईने माइक घेतला. "आल्झो, ऐका. आमच्या या मुलीचा एक आयटम आहे. बोहारीण." मला म्हणाली, "ये ना गं. ती कशी ओरडायची आपल्याकडे दुपारी, ते करून दाखव. आपल्याच लोकांत कसली लाज?"

नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं तर का म्हणून विचारतील. का ते सांगितलं तर बायोडेटा. बायोडेटा म्हणजे पत्र. पत्र म्हणजे परवानगी. माझ्या डोक्यात हे सगळं एका दमात झालं आणि मी गेले.

मी आरोळी दिली. जशी आई देते तशी. "भांऽडीयेऽऽय, जुन्या कपड्यावर भांऽडीऽऽ." शेवट वर चढवून, तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचावा म्हणून.

हॉल हसला. टाळ्या. "सेम टु सेम." "किती वर्षांनी ऐकलं गं." एका काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना घर आठवलं होतं. मला दार आठवलं. मुलं ओरडायला लागली, "नोख माल, नोख माल." पुन्हा, पुन्हा. मी पुन्हा केलं. कुणाची तरी सासू पुढे येऊन खोटीखोटी म्हणाली, "काय गं, दोन पँटी आणि एक साडी, देतेस का पातेलं?" आणि मी घासाघीस केली. आईच्या आवाजात. "परवडत नाही बाई, अजून एक शर्ट घाला." लोक पोट धरून हसले. मीनलताईच्या नवऱ्याने सगळं कॅमेऱ्यात घेतलं.

काकूंनी माझ्या अंगावरचा फ्रॉक काढला होता. या वेळी मी माझ्या हाताने आईला उघडी केली. मला कुणी मारलं नव्हतं, हात पिरगळला नव्हता. दुसऱ्यांदा तर मी आधीपेक्षा चांगली आरोळी दिली.

दुसऱ्या दिवशी फोनकार्ड खरवडून आईला फोन लावला. "दिवाळीत काय केलंस?" तिने विचारलं. मी म्हटलं, गाणी म्हटली.

सोमवारी गोदामात तिसरं पॅलेट निघालं. मीनलताई खाली आली. एका हातात फॉर्म, दुसऱ्या हातात एक सीडी. "घे, तुझा आयटम. सगळ्यांना कॉपी देतोय, इतका झकास झालाय. आणि यावर सही कर, संध्याकाळपर्यंत हे संपवायचंय."

सीडीवर मार्करने लिहिलं होतं, बोहारीण.

मी फ्रॉक उचलला. छातीवरचं स्मॉकिंग थोडं वाकडं होतं, दुखऱ्या बोटाने केल्यासारखं. कुणी केलं ते मला माहीत नाही, सेल्वीनेच असं मी म्हणणार नाही. शिवण ताणली. टिकली. बटणं चार, चारही जागेवर. मी तो गुंडाळून उजवीकडे ठेवला आणि म्हटलं, "ताई, मी कापणार नाही. सहीही करणार नाही."

तिला आधी वाटलं मी थकले आहे. मग ती हळू आवाजात मराठीत बोलायला लागली, बाकीच्यांना कळू नये म्हणून. "वेड्यासारखं करू नकोस. जानेवारीत तुझं पत्र आहे. काय झालंय तुला?"

मी जर्मनमध्ये उत्तर दिलं. सगळ्यांना कळावं म्हणून. "मी शनिवारी जिची नक्कल केली ती बाई माझी आई आहे."

मीनलताईची नजर खाली गेली, माझ्या हातांवर. मग माझ्या कोटावर, तिच्या कोटावर, तो खुंटीला टांगलेला होता. मग म्हणाली, "अगं, मग आधी सांगायचंस ना. आम्ही काय तसलं मानतो का?" आणि लगेच, "सही कर आधी. बाकीचं घरी चहावर बोलू."

आम्ही. हा शब्द तिला ऐकूच आला नाही. मला आला.

मी फॉर्म घेतला. टेबलावर ठेवून 'उनब्राउखबार' मधल्या पहिल्या दोन अक्षरांवर काट मारली. उन गेलं. उरलं 'ब्राउखबार गेमाख्ट'. वापरण्याजोगे केले. बघितलं आणि मला रडू आलं, रागाचं. माझी आई आयुष्यभर जे काम करते त्याचं नाव एवढं सरळ होतं, आणि मी त्याला टेक्स्टीलहेंडलरिन म्हटलं होतं. त्याखाली मी सही केली.

मीनलताईने फॉर्म ओढून घेतला. "याचा अर्थ कळतोय ना तुला? मी पत्र नाही देऊ शकणार."

"कळतोय."

लुडमिलाने माझ्या हातातून कटर काढला. रागानेच. जर्मनमध्ये म्हणाली, "तुला परवडतं का हे?" मी म्हटलं, नाही. "मलाही नाही," ती म्हणाली, आणि मी गुंडाळून ठेवलेला पहिला फ्रॉक उलगडून तिने पाठीत उभा कापला. संध्याकाळपर्यंत तिन्ही पॅलेट कापून झाली. माझ्या सहीने एकही फ्रॉक वाचला नाही. नवा फॉर्म आला, दुसऱ्या कुणी सही केली. मी कोट मीनलताईच्या खुर्चीवर ठेवला आणि स्वेटरवर बसस्टॉपपर्यंत गेले. थंडी वाजली. फार वाजली.

पंधरा दिवसांनी नोकरीवरून काढल्याचं पत्र आलं. परवानगी जानेवारीच्या शेवटापर्यंत आहे.

आईला फोन केला. सगळं सांगितलं. बायोडेटा, दिवाळी, आरोळी, घासाघीस. सीडीचंही. कार्डाचे पैसे संपत होते. मला वाटलं ती रडेल, किंवा शिव्या देईल.

"किती भाव केलास?" तिने विचारलं.

"काय?"

"पातेल्याला. दोन पँटी, साडी आणि शर्ट?"

"हो."

"कमी घेतलंस." मग थांबून म्हणाली, "आणि ते फ्रॉक. कापडात जीव होता?"

"होता."

"मग आधीची दोन वर्षं का कापलंस?"

तिने मला माफ केलं की नाही मला माहीत नाही, आणि मी विचारणार नाही.

आज मी नवा लेबन्सलाउफ लिहायला बसले आहे. जानेवारीपर्यंत दुसरी नोकरी मिळेल की मला परत जावं लागेल, ठाऊक नाही. पण त्याआधी मी काही गोष्टी इथे लिहून ठेवते आहे, माझ्या सहीसकट. संडासाला कुलूप होतं, मी 'आहे' म्हणून खूण केली. विहिरीचं पाणी जांभळं होतं, मी ते कुठेच लिहिलं नाही. सेल्वीला मी बर्थडे सांगितला, आणि फ्रॉक जाळायला गेले. दोन वर्षं मी नवे कपडे कापले. कुणी विचारलं तर हेच सांगेन, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगेन.

आईच्या नावापुढची जागा मी या वेळी कोरी ठेवली नाही. तिथे लिहिलंय, बोहारीण. जर्मनमध्ये याला शब्द नाही. कंसात अर्थ देणार नाही. ज्याला कळत नाही त्याने मला विचारावं, समोर बसवून, सगळ्यांसमोर. आरोळी मात्र मी पुन्हा कुणाला ऐकवणार नाही.